मागचा चिकटला, तर पुढची जागा वाढवा

भाची : मामा, नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर काल एक गाडी नेरूळपासून मागे चिकटली होती. चालक डिपरवर डिपर मारत होता. तिथली मर्यादा ताशी ६०, मीही साठवरच होते. मग मी का हटायचं?

मामा : कुठल्या लेनमध्ये होतीस?

भाची : अगदी उजवीकडच्या.

मामा : मग डावीकडे जागा मिळाली की साइड द्यायची. त्याला वेग शिकवायला पोलीस आहेत. आपण फक्त तो आपल्या पाठीवरून उतरेल एवढं बघायचं.

भाची : डावीकडेही गाड्या असल्या तर?

मामा : तर ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल कर आणि पुढच्या गाडीपासून आणखी मागे राहा.

भाची : तो मागून रेटतोय आणि मी हळू जायचं?

मामा : हिशेब बघ. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाचा साधारण एक सेकंद जातो. मागचा पाच मीटरवर आहे आणि तू करकचून ब्रेक दाबलास, तर त्याचा पाय ब्रेकवर पडला तरी तो तुझ्यावर येईल. मागचं अंतर तुझ्या हातात नाही, पुढचं आहे. पुढे तीन सेकंदांची, म्हणजे ५० मीटरची जागा असली की तुला हळूहळू थांबता येतं आणि त्यालाही तेवढा वेळ मिळतो. त्याने न राखलेलं अंतर तू पुढे राखायचंस. पुढची गाडी दिव्याच्या खांबाजवळून गेली की मनात म्हण : एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तू खांबापाशी पोचलीस, तर जवळ आहेस.

भाची : पण इथे ५० मीटर सोडले की त्यात दोन गाड्या घुसतात!

मामा : घुसू देत. प्रत्येक गाडीमागे पुन्हा जागा करायला तीनेक सेकंद. वाशी ते बेलापूर दहा जण घुसले तरी अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी लोक जीव पणाला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भाची : कधी वाटतं, एकदा ब्रेक मारून दाखवावा.

मामा : ते कधीही नको. मागे मोटरसायकलवाला असला तर तो थेट तुझ्या काचेवर येईल. १९८९ च्या रस्ता-नियमांत दोन्ही गोष्टी होत्या : मागच्याने पुरेसं अंतर ठेवायचं, आणि सुरक्षेचं कारण नसताना कोणी एकदम ब्रेक मारायचा नाही.

भाची : आणि सिग्नलला? मोराज सर्कलला पिवळा दिवा लागला की मागचा धरूनच चालतो की मी निघून जाणार.

मामा : म्हणून सिग्नल लांबून दिसला की आधी आरसा बघ. ब्रेकला दोनदा नुसता पाय टेकव. लाल दिवे लागतील, त्याला कळेल की तू थांबणार. नुसता गिअर उतरवून वेग कमी केलास तर मागे दिवा लागत नाही, हे लक्षात ठेव.

भाची : उरणच्या रस्त्यावर तर मागे कंटेनरचे ट्रेलर असतात.

मामा : भरलेला ट्रेलर कारइतक्या अंतरात थांबूच शकत नाही. तो मागे दिसला की हट्ट सोडायचा आणि मोकळी जागा बघून लवकर बाजू द्यायची. आणि कारवाला साइड दिल्यावरही मागेच राहिला, तर सोसायटीच्या गेटकडे वळू नकोस. माणसांची वर्दळ असलेल्या पेट्रोल पंपावर थांब, काचा बंद ठेव आणि ११२ लाव.