मधपेटीचे रक्षण : निसर्गाभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी)

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक गावांत घराच्या परसात अथवा शेताच्या बांधावर मधपेट्या ठेवलेल्या आढळतात. महाबळेश्वर येथे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर या गावास २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान्यता मिळाली. अशा परिसरातील मुलांस मधमाशीची ओळख पुस्तकातून करून देण्याची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती जे रोज दिसते त्यामागील कार्यकारणभाव समजावून देण्याची. मधपेटीवर कोण चाल करून येते, माश्या आपले रक्षण कसे करतात आणि मनुष्याने त्यांस कोठवर साहाय्य करावे, हा विषय त्या दृष्टीने फार उपयुक्त आहे.

पाठाचा उद्देश

वसाहत बलवान असेल तर शत्रू तिचे फारसे काही करू शकत नाही. ती दुर्बळ झाली म्हणजेच शत्रूचे फावते. म्हणून पेटीचे रक्षण शत्रूचा संहार करून नव्हे, तर मुख्यतः वसाहतीचे बळ राखून होते. हे एक तत्त्व विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले, तर पाठ सफल झाला असे समजावे.

गांधीलमाशी

आपल्याकडे पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी माशी. तिच्या शत्रूंत गांधीलमाशीचा क्रम वरचा आहे. काळसर अंगाची व पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी खेड्यातील मुलांच्या परिचयाची असते. ती पेटीच्या दारासमोर हवेत स्थिर राहून चाऱ्यावरून परतणाऱ्या, पराग व मकरंद यांच्या भाराने थकलेल्या माशीवर झडप घालते. मग जवळच्या फांदीवर बसून ती भक्ष्याचे डोके, पंख व पोट तोडून टाकते आणि केवळ छातीचा भाग घेऊन घराकडे जाते. असे का, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गास अवश्य विचारावा. उडण्याचे स्नायू छातीत असतात. तेच सर्वांत पौष्टिक मांस होय. ते गांधीलमाशी स्वतःसाठी नेत नाही, आपल्या अळ्यांसाठी नेते. प्रौढ गांधीलमाशी स्वतः गोड रसावरच निर्वाह करते. वसाहत फार क्षीण असेल तर अनेक गांधीलमाश्या थेट आत शिरतात आणि मध व अळ्या दोन्ही लुटतात.

सातेरीची संरक्षणव्यवस्था

शत्रू जवळ येताच दारावरील सातेरी माश्या एकामागून एक अंग थरथरवतात. त्या थरथरीची लाट दारावरून सरकत जाते व शत्रू बिचकतो. तो तरीही पुढे आला आणि पकडला गेला, तर शेकडो माश्या त्याच्याभोवती घट्ट गोळा करून छातीचे स्नायू वेगाने हलवू लागतात. गोळ्याच्या गाभ्यातील उष्णता सुमारे ४६ अंश सेल्सियसपर्यंत चढते. गांधीलमाशीस ती सोसत नाही. मधमाशी त्याहून किंचित अधिक उष्णता सहन करू शकते. या दोन-तीन अंशांच्या अंतरावर वसाहतीचे प्राण अवलंबून असतात. १९६० च्या दशकात भारतात स्थिरावलेल्या युरोपीय मधमाशीस ही युक्ती तितकीशी साधत नाही, म्हणून गांधीलमाशीपासून तिचे अधिक नुकसान होते.

व्हिएतनाममध्ये याच जातीच्या माश्या जनावरांच्या शेणाचे कण आणून दाराभोवती चिकटवतात आणि अशा दारापाशी मोठी गांधीलमाशी फार वेळ रेंगाळत नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. अंगण शेणाने सारवणाऱ्या घरांतील मुलांस ही माहिती विशेष रुचेल.

मात्र यासाठी मनुष्यबळाप्रमाणे माशीबळ लागते. शेकडो माश्या दारावर पाठवून पुन्हा पिलांची जोपासना चालू ठेवणे केवळ भरलेल्या वसाहतीसच शक्य असते.

लूट

शत्रू नेहमी परजातीचाच असतो असे नाही. पावसाळ्यात फुलोरा कमी झाला म्हणजे बलवान वसाहतीच्या माश्या शेजारच्या दुर्बळ पेटीवर धाड घालतात. दारावर झटापट होणे, परक्या माश्यांनी पेटीच्या फटी हुंगत फिरणे आणि माश्या रिकाम्या पोटी आत जाऊन जड होऊन बाहेर पडणे, ही लुटीची लक्षणे होत. अशा वेळी दार इतके अरुंद करावे की एकावेळी एक-दोन माश्याच जाऊ शकतील, आणि इतर सर्व फटी चिखलाने लिंपाव्यात. साखरेचा पाक द्यावयाचा तो सायंकाळी आणि पेटीच्या आतच द्यावा. पाकाचे चार थेंब बाहेर सांडले तरी ते लुटीस आमंत्रण ठरते. टंचाईच्या काळात भर दुपारी पेटी उघडी टाकू नये.

मेणकिडा, मुंग्या व इतर

मेणकिडा हा एका पतंगाची अळी होय. माश्यांनी न व्यापलेल्या पोळ्यात ती बोगदे करते व जाळी विणते. उपद्रव वाढल्यास सातेरी माश्या पेटी सोडून निघून जातात. म्हणून रिकामी पोळी काढून घेऊन त्यांचे मेण वितळवावे आणि तळाच्या फळीवरील कचरा दर आठवड्यास झाडावा.

मुंग्या व मुंगळे यांच्यासाठी पेटीच्या घोडीचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. गवताचे पाते किंवा फांदी पेटीस टेकली तर वाट्यांचा काही उपयोग होत नाही, हे मुलांनी स्वतः पाहून शोधावे. वाट्यांतील पाणी आठवड्याच्या कोरड्या दिवशी बदलावे. नाही तर तेथे डास होतात. भोवतालचे गवत कापलेले असले म्हणजे सरडे, पाली व बेडूक यांचाही उपद्रव कमी होतो.

वेडा राघू व कोतवाल हे पक्षी उडत्या माश्या टिपतात. बलवान वसाहतीस ही हानी सहज भरून काढता येते. पक्ष्यांवर गोफण चालवू देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य पक्ष्यांस संरक्षण दिले आहे.

काय करावे, काय करू नये

गांधीलमाश्यांचा जोर असताना दारास लाकडी पट्टी लावून त्याची उंची सुमारे ६ मिलिमीटर ठेवावी. मधमाशी त्यातून सुखाने जाते, मोठी गांधीलमाशी जात नाही. दारासमोर घिरट्या घालणाऱ्या गांधीलमाश्या जाळीचा बुरखा घातलेल्या जाणत्या पाळकाने चपट्या फळीने माराव्यात. विषारी औषध कोठेही फवारू नये. ज्या औषधाने गांधीलमाशी मरते त्याने मधमाशीही मरते, आणि ते मधात उतरण्याचा धोका राहतो. गांधीलमाशी पिकांवरील अळ्याही मोठ्या प्रमाणावर खाते. म्हणून पेटीपासून दूर, रानात असलेले तिचे घर तसेच राहू द्यावे.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

गांधीलमाशीच्या किंवा आग्यामाशीच्या पोळ्यावर दगड मारणे हा कित्येक मुलांस पराक्रम वाटतो. त्याची किंमत प्राणाने मोजावी लागू शकते. चिरडलेल्या गांधीलमाशीच्या विषातून सुटणारा गंध इतर माश्यांस हल्ल्याची सूचना देतो, आणि तीच माशी पुनःपुन्हा डंख करू शकते. शाळेच्या आवारात असे घर आढळल्यास मुलांस दूर ठेवून ग्रामपंचायतीमार्फत जाणत्या माणसाकडून व्यवस्था करवावी. पेटते बोळे लावण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

निरीक्षणाच्या वेळी मुलांस पेटीच्या बाजूस, किमान १५ फुटांवर बसवावे. दारासमोरील उड्डाणमार्गात बसवू नये. पेटी मुलांनी उघडू नये. मधमाशीने डंख केल्यास नांगी नखाने तत्काळ खरवडून काढावी व थंड पाण्याची पट्टी ठेवावी. अनेक डंख झाले, चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कृती व प्रश्न

आठवड्यातून एकदा, सकाळी दहा मिनिटे, विद्यार्थ्यांच्या एका गटाने पेटीच्या दाराची नोंद ठेवावी : आत जाणाऱ्या माश्या, पराग घेऊन आलेल्या माश्या, आलेल्या गांधीलमाश्या, पकडल्या गेलेल्या माश्या. श्रावणापासून कार्तिकापर्यंतच्या नोंदी एका तक्त्यात मांडून त्यावरून पुढील प्रश्न विचारावेत.

१. गांधीलमाश्या कोणत्या महिन्यात अधिक आल्या? त्या वेळी परिसरात कोणती फुले होती?

२. दोन पेट्या शेजारी असता शत्रू एकीवरच वारंवार का येतो?

३. दार अरुंद केल्याने वसाहतीचे कोणते काम सोपे होते व कोणते अवघड?

४. गांधीलमाशीस ‘शत्रू’ म्हणावे काय? शेतकऱ्याच्या व मधपाळाच्या दृष्टीने वेगवेगळी उत्तरे लिहा.

चौथ्या प्रश्नाचे एकच उत्तर शिक्षकांनी सांगू नये. मुलांनी तक्त्यातील नोंदींचा आधार देऊन आपले मत मांडावे. पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था, तसेच महाबळेश्वरचे संचालनालय यांच्याकडून पाळणुकीसंबंधी अधिक मार्गदर्शन मिळू शकते. शाळेत पेटी नसेल तर गावातील मधपाळास वर्गात बोलावून त्याच्या तोंडून ही माहिती ऐकवावी. पुस्तकापेक्षा त्याच्या अनुभवाचा ठसा मुलांच्या मनावर अधिक काळ टिकेल.