स्पीडबोटीचा वेग घटला? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

मालवण-तारकर्ली असो की कळंगुट, आउटबोर्डवर धावणाऱ्या बोटीचा वेग पडला की पहिला सल्ला मिळतो, ‘इंजिन खोलावं लागेल.’ ऐन हंगामात बोट किनाऱ्याला लागते आणि बिल वाढत जाते. दोष मात्र अनेकदा इंधनात, पंख्यात किंवा थंडाव्याच्या पाण्यात असतो. म्हणून तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी.

खर्च काहीच नाही

पूर्ण थ्रॉटलला आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग दोन्ही लिहून घ्या. बहुतेक आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिनांत आरपीएम 5,000 ते 6,000 च्या दरम्यान यायला हवेत. आता हिशेब करा : आरपीएम गुणिले पंख्याचा पिच (इंचांत), भागिले गिअरचे प्रमाण, भागिले 1,215. आरपीएम 5,400, पिच 18 आणि गिअर 2:1 असेल, तर उत्तर 40 नॉट. प्रत्यक्षात 34 मिळाले तर 15 टक्के घट झाली, ती स्वाभाविक आहे. 25 च मिळाले तर दोष पंख्यात, ट्रिममध्ये किंवा बोटीच्या तळाशी शोधा.

आरपीएम चढतात पण बोट ओढत नाही, तर पंख्याचा रबरी हब घसरत असावा. हब आणि पंखा यांवर मार्करने एकच सरळ रेघ ओढा व बोट जोरात चालवून आणा. रेघ तुटली तर हब गेला.

आरपीएमच चढत नसतील, तर तळावरचे शेवाळ-शिंपले, बोटीत साचलेले पाणी आणि टाकीचा हवेचा मार्ग तपासा. इंधन नळीवरचा रबरी फुगा आत चेपला जात असेल, तर टाकीपासून फुग्यापर्यंत कुठेतरी अडथळा आहे. सोबत्याने फुगा दाबत राहिल्यावर आरपीएम सुधारले, तर इंधनपुरवठा कमी पडतो आहे.

खर्च शेकड्यांत

स्पार्क प्लग बदला, बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. गिअर ऑइलही थोडे काढून पाहा. ते दुधाळ असेल तर सील गळते आहे. आता फक्त सील बदलून भागेल. दुर्लक्ष केल्यास गिअरबॉक्सच बदलावा लागेल.

खर्च हजारांत

पावसाळ्यात बोटी बंद असतात. तेवढे महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल काढून टाका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि पाणी तळाशी वेगळे होते. पाणी वेगळे करणारा फिल्टर हंगामाच्या सुरुवातीलाच बदला.

इंजिनामागची पाण्याची धार बारीक झाली, तर पंपाचा इम्पेलर झिजला असेल किंवा वाटेत वाळू-मीठ अडकले असेल. अलार्म वाजून आरपीएम आपोआप पडले, तर इंजिन स्वतःला वाचवते आहे. लगेच थांबा, पुढे रेटल्यास हेड वाकू शकते.

खर्च दहा हजारांच्या पुढे

पंखा वाकला किंवा चुकीचा बसवला असेल, तर नवा घेण्याआधी पिच ठरवा. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण 150 ते 200 वाढतात. इंधन पंप व इंजेक्टर यांचा दोष दाब मोजल्याशिवाय मान्य करू नका.

खर्च लाखाच्या घरात

इंजिन खोलण्याची परवानगी कॉम्प्रेशनचे आकडे पाहूनच द्या. सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर आतले काम काढण्याचे कारण सहसा नसते. ईसीयू बदलायचा म्हटले, तर संगणकावरचे दोषसंकेत छापून मागा.

चाचणी कुठे घ्याल?

18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. दुरुस्तीनंतरची चाचणी प्रवासी मार्गांपासून दूर, पर्यटक न घेता, लाइफ जॅकेट घालून आणि किल स्विचची दोरी अंगाला बांधूनच घ्या.

बिल देण्याआधी लेखी अंदाजपत्रक आणि बदललेले जुने भाग मागून घ्या, दुरुस्तीच्या आधीचे व नंतरचे आरपीएम आणि वेग पडताळा. आकडे सुधारले नसतील, तर दुरुस्ती झालेली नाही.