इपॉक्सी लेपातील विद्रावक : धोके व दक्षता

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या नगरांत उंच इमारतींच्या तळघरांमध्ये पाण्याच्या काँक्रीटच्या टाक्या बांधलेल्या असतात. काँक्रीटमधून पाणी झिरपू नये म्हणून अशा टाकीस पुष्कळदा आतून इपॉक्सीचा लेप देतात. कारखाने, गोदामे व वाहनतळ यांच्या जमिनींवरही हाच लेप आढळतो. तो कठीण व चिवट असून पाणी, तेल आणि क्षार यांना सहसा दाद देत नाही. एकदा पूर्णपणे घट्ट झालेला लेप उपद्रव देत नाही. धोक्याचा काळ म्हणजे डबा उघडल्यापासून लेप वाळेपर्यंतचा, आणि त्या काळात लेपाच्या सर्वांत जवळ असतो तो रोलर हाती धरलेला कामगार.

इपॉक्सी रेझीन हे मुख्यतः बिस्फेनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रीन या दोन पदार्थांपासून तयार करतात. स्वित्झर्लंडमधील प्येर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली या रसायनज्ञांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे केलेल्या कार्यातून या रेझिनांचा उद्योग उभा राहिला. लेप नेहमी दोन डब्यांत येतो. एका डब्यात रेझीन असते व दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे बहुधा अमाइन वर्गातील संयुग. दोन्ही एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक विक्रिया होऊन घट्ट जाळीदार पदार्थ बनतो. परंतु रेझीन मुळात मधासारखे दाट असल्यामुळे ते रोलरने सहज पसरत नाही. त्यास पातळ करण्यासाठी झायलीन, टोल्यूईन, ब्यूटेनॉल किंवा कीटोन वर्गातील द्रव त्यात मिसळतात. कामगार वरून ओततो तो ‘थिनर’ अशाच द्रवांचा बनलेला असतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. वर सांगितलेल्या विक्रियेत विद्रावक कोणताही भाग घेत नाही. त्याचे काम रेझीन पसरविण्यापुरते असून, ते झाले की त्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब हवेत जातो. तो मोकळ्या मैदानात गेला तर वाऱ्याबरोबर विरून जाईल. टाकीत त्यास जाण्यास वाट नसते.

एका टाकीचा हिशेब

5 मीटर लांब, 2 मीटर रुंद व 2 मीटर उंच अशी एक टाकी घेऊ. तिच्यात 20 घनमीटर, म्हणजे 20,000 लिटर हवा मावते. एक लिटर झायलीनचे वजन सुमारे 860 ग्रॅम असते. त्याचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर 25 अंश सेल्सियस तापमानास सुमारे 200 लिटर बाष्प तयार होते. 20,000 लिटर हवेत 200 लिटर बाष्प, म्हणजे 1 टक्का. हवेतील झायलीनचे प्रमाण ज्या मर्यादेस पोहोचले असता ते ठिणगीने पेटू शकते, ती मर्यादाही सुमारे 1 टक्काच आहे. तात्पर्य, एक लिटर झायलीन या साऱ्या टाकीची हवा स्फोटक करण्यास पुरेसे होते.

प्रत्यक्ष कामात एका लिटरवर भागत नाही. टाकीच्या चार भिंती व तळ मिळून 38 चौरस मीटर क्षेत्र होते. एक लिटर लेप सहा-सात चौरस मीटरांस पुरतो असे धरले, तर एका हातास सुमारे 6 लिटर लेप लागेल. त्यात दोनपंचमांश विद्रावक असेल आणि वरून थोडा थिनर घातला असेल, तर अडीच लिटर द्रव हवेत जाणार. त्याचे बाष्प 500 लिटर, म्हणजे अर्धा घनमीटर होते. आगीपासून निर्धास्त राहण्यासाठी बाष्पाचे प्रमाण पेटण्याच्या मर्यादेच्या एकदशांशाखाली ठेवण्याचा प्रघात आहे. त्यासाठी 500 घनमीटर ताजी हवा, म्हणजे टाकीची हवा 25 वेळा बदलणे आवश्यक ठरते. चांगल्या पंख्यास हे अशक्य नाही.

श्वसनाचा हिशेब मात्र निराळा आहे. 1948च्या कारखाने अधिनियमास 1987 साली जोडलेल्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीने झायलीनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग अशी ठरविलेली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2021 साली ही शिफारस 20 भागांवर आणली. यांपैकी सैलच मर्यादा घेतली, तरी 500 लिटर बाष्पास 5,000 घनमीटर हवा लागते, म्हणजे टाकीची हवा अडीचशे वेळा बदलली पाहिजे. आणि हा हिशेब हवा सर्वत्र सारखी मिसळते असे गृहीत धरून केलेला आहे. ओल्या भिंतीपासून हातभर अंतरावर, जेथे कामगाराचे तोंड असते, तेथे प्रमाण सरासरीहून अधिकच राहणार. म्हणून अशा टाकीत पंखा आग टाळू शकेल, परंतु तेवढ्याने फुप्फुसांचे रक्षण होईल असे मानता येत नाही. तेथे बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच हवा.

पंखा कोठे बसवावा, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. झायलीनचे बाष्प हवेच्या साडेतीनपटींहून अधिक जड असते. ते टाकीच्या तळाशी पाण्यासारखे साचते आणि कामगार वाकून तळ रंगवू लागला की त्याचे डोके त्या साठ्यातच असते. मॅनहोलच्या तोंडाशी पंखा ठेवून समाधान मानणे ही नित्य आढळणारी चूक आहे, कारण तसा पंखा वरची हवाच घुसळीत राहतो. ओढणाऱ्या नळीचे टोक तळापर्यंत पोहोचले पाहिजे व ताजी हवा दुसऱ्या वाटेने आत आली पाहिजे. ती हवा जेथून घ्यावयाची तेथे जनरेटर चालू नसावा, नाहीतर विद्रावकाच्या जागी कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो.

नाकाचा भरवसा

‘वास कमी झाला, आता हरकत नाही’ असे मिस्त्री सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. विद्रावकाचा वास प्रथम अतिशय अल्प प्रमाणातही जाणवतो, पण काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय त्यास सरावते व संवेदना बोथट होते. हवेतील बाष्प तेवढेच असते किंवा वाढलेलेही असते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अकारण हसू किंवा चिडचिड, पाय लटपटणे ही पुढची लक्षणे दारूच्या अमलासारखी दिसतात. म्हणून त्यांची थट्टाही होते. या अवस्थेत स्वतःच्या संकटाची जाणीव करून देणारी बुद्धीच मंदावलेली असते आणि शिडी चढून वर येण्याचे बळ उरत नाही. दहा लाखांत 900 भाग झायलीन असलेली हवा तत्काळ धोक्याची गणली जाते. वरील टाकीत हे प्रमाण सुमारे 90 मिलिलिटर झायलीनने, म्हणजे चहाच्या लहान पेल्याएवढ्या द्रवाने गाठले जाते.

म्हणून आत उतरण्यापूर्वी व काम चालू असताना बाष्पाचे व ऑक्सिजनचे प्रमाण मापकयंत्राने पाहावे. मॅनहोलशी एक माणूस सतत उभा असावा, आतल्याच्या अंगावरील पट्ट्यास दोर बांधलेला असावा, आणि तो कोसळला तर वरच्या माणसाने दोर ओढून त्यास काढावे, स्वतः उडी घेऊ नये. गटारात उतरलेल्या एका कामगाराच्या मागोमाग त्यास वाचवावयास गेलेला दुसराही दगावल्याच्या वार्ता दिल्लीच्या वाचकांस अपरिचित नाहीत. टाकीतही तसेच घडते.

शरीरात गेलेले झायलीन यकृतात बदलून मेथिल हिप्पुरिक आम्लाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते. पाळीच्या अखेरीस मूत्र तपासून कामगाराने किती बाष्प घेतले याचा अंदाज बांधता येतो. मद्य घेतले असता हे विघटन मंदावते व रक्तातील झायलीन अधिक काळ टिकते, ही गोष्ट कामगारांस स्पष्ट सांगितली पाहिजे. गूळ खाल्ल्याने वा दूध प्याल्याने छाती साफ होते हा समज मात्र निराधार आहे. मालकाने गुळाची ढेप आणून देणे हे मापकयंत्र आणण्यापेक्षा स्वस्त पडते, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीची कापडी पट्टी बाष्प अडवीत नाही. सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा उघड्या जागी उपयोगी पडतो, परंतु कोळसा बाष्पाने भरून गेला की तोही निरर्थक होतो. शिवाय अशा मुखवट्यास ऑक्सिजन निर्माण करता येत नाही.

ऋतू आणि आग

मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान 45 अंशांपर्यंत चढते. ज्या तापमानास द्रवाच्या पृष्ठावरील बाष्प ठिणगीने पेटू शकते, त्यास प्रज्वलनबिंदू म्हणतात. व्यापारी झायलीनचा प्रज्वलनबिंदू 25 ते 30 अंशांच्या आसपास, टोल्यूईनचा सुमारे 4 अंश, तर मेथिल एथिल कीटोनचा शून्याखाली 9 अंश असतो. म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली उघडा ठेवलेला झायलीनचा डबा दिवसभर पेटण्याच्या स्थितीत असतो. जानेवारीच्या रात्री 10 अंशांस झायलीनने संपृक्त झालेल्या हवेतही बाष्प अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. ते पेटणार नाही, पण अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत 5,000 भाग होतात हे विसरता कामा नये. शिवाय थंडीत लेप उशिरा वाळतो, म्हणून दारे लावून घेण्याचा व शेगडी पेटविण्याचा मोह होतो. थिनरमध्ये टोल्यूईन किंवा कीटोन असेल, तर हिवाळ्याचा आधारही नाही.

15 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे थंडी पुरती सरलेली नसतानाच, उत्तर दिल्लीतील अलीपूर येथे दयालपूर बाजारातील एका रंगाच्या कारखान्यास आग लागून 11 जण मृत्युमुखी पडले. रंग व रसायने यांचे साठे वस्तीत असतात तेव्हा आगीस भिंतींची सीमा राहत नाही. साधा विजेचा दिवा, बटणाची ठिणगी, शेजारच्या दालनात चाललेले वेल्डिंग, एवढेच काय पण एका भांड्यातून दुसऱ्यात वेगाने थिनर ओतताना साठणारी स्थिर विद्युत् यांपैकी कोणतेही कारण पुरते. धातूची भांडी तारेने एकमेकांस व जमिनीस जोडून मगच द्रव ओतावा, आणि टाकीत ज्वालारोधक बांधणीचाच दिवा न्यावा.

मिसळलेले रेझीन व हार्डनर मोठ्या बादलीत तसेच ठेवणेही इष्ट नव्हे. विक्रियेतून उष्णता निघते. ती पातळ थरातून निसटते, बादलीच्या मध्यातून मात्र निसटू शकत नाही. मिश्रण तापून धूर सोडू लागते. लागेल तेवढेच कालवावे.

हातांचे दुखणे

विद्रावकाचा त्रास काम थांबले की बहुधा ओसरतो. रेझीन व हार्डनर यांचा त्रास याच्या उलट असतो. कित्येक महिने काही होत नाही आणि एके दिवशी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पापण्यांवर खाज व पुरळ उठते. शरीराने हा पदार्थ शत्रू म्हणून ओळखला, की पुढे त्याचा लवलेशही पुरतो, आणि ही ओळख आयुष्यभर पुसली जात नाही. असा कारागीर त्या धंद्यास मुकतो. रेझिनाचे लहान रेणू त्वचेतून सहज आत जातात, म्हणून पातळ रेझीन घट्ट रेझिनाहून अधिक उपद्रवी ठरते. विद्रावकरहित इपॉक्सी आगीच्या व श्वसनाच्या दृष्टीने निश्चित श्रेयस्कर आहे, परंतु ‘विद्रावकरहित’ म्हणजे हातमोज्यांची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या द्रवात हेच लहान रेणू विपुल असतात.

सुती मोजे लेप शोषून घेतात व तो त्वचेशी धरून ठेवतात. नैसर्गिक रबराचे पातळ मोजेही विद्रावकापुढे टिकत नाहीत. नायट्राइल किंवा ब्यूटाइल रबराचे जाड मोजे वापरावेत व डाग पडताच बदलावेत. सायंकाळी थिनरने हात धुण्याची सवय सर्वांत घातक आहे. थिनर त्वचेचे नैसर्गिक तेल काढून घेतो व रेझीन आत नेण्यास मदत करतो. साबण व पाणी, आणि तत्पूर्वी कोरड्या कापडाने पुसणे, एवढे पुरेसे असते. जुना लेप किंवा काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते व जुन्या प्रायमरमध्ये शिसे वा क्रोमेटही असू शकतात. तेथे धुळीचा योग्य मुखवटा व ओले घर्षण हवे.

काम संपल्यावर उरतात ते रिकामे डबे. झोपडीत पाणी भरून ठेवण्यास अशा डब्यांना मागणी असते, आणि त्यांतील पाण्यात विद्रावकाचे अंश उतरतात. झाकण लावलेला रिकामा डबा भरलेल्याहून अधिक धोक्याचा असतो, कारण आत द्रव नसून पेटण्याजोगे बाष्प व हवा यांचे मिश्रण असते. तो छिन्नीने वा वेल्डिंगच्या ज्योतीने कापू नये. डबे उघडे ठेवून पूर्ण वाळवावेत, तळाला भोके पाडून निरुपयोगी करावेत व घातक कचऱ्याच्या अधिकृत संग्राहकाकडेच द्यावेत. आणि टाकी पिण्याच्या पाण्याची असेल, तर उत्पादकाने सांगितलेली मुदत, जी बहुधा सात दिवसांची असते, उलटल्याशिवाय व पहिले पाणी सोडून दिल्याशिवाय ती वापरात आणू नये.