आज्ञावलीची लेखनशैली

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. ती यंत्रासाठीच असते, मग ती सुबोध असली काय आणि क्लिष्ट असली काय, असे कोणालाही वाटेल. परंतु आज्ञावली वर्षानुवर्षे वापरात राहते. वेतनाचे नियम बदलतात, करांचे दर बदलतात आणि मूळ लेखक नोकरी सोडून गेल्यावर दुसऱ्याच कोणाला तरी ती दुरुस्त करावी लागते. त्याला तिचा अर्थ उमगला नाही, तर शेकडो लोकांचे हिशेब चुकू शकतात.

ही अडचण ओळखून ब्रायन कर्निहॅन आणि पी. जे. प्लॉगर यांनी 1974 साली ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. दोघेही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत. विशेष म्हणजे त्यांच्यापुढे आदर्श होता तो स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या इंग्रजी लेखनशैलीवरील पुस्तकाचा! भाषेच्या अभ्यासकाने जे नियम वाक्यासाठी सांगितले, त्याच धर्तीचे नियम त्यांनी आज्ञावलीसाठी शोधले.

त्यांनी उदाहरणे मनाने रचली नाहीत. प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकांतूनच ती उचलली, त्यांतील दोष दाखवले आणि ती पुन्हा लिहून दिली. (पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य चाळावे.) आरंभीचेच उदाहरण पाहा. एका चौरस तक्त्यात कर्णावर 1 आणि इतरत्र 0 भरायचे आहेत. मूळ लेखकाने प्रत्येक घरासाठी ओळीचा क्रमांक स्तंभाच्या क्रमांकाने भागला, मग स्तंभाचा क्रमांक ओळीच्या क्रमांकाने भागला आणि दोन्ही भागाकारांचा गुणाकार केला. फोरट्रान भाषेत पूर्णांकांच्या भागाकारातील बाकी सोडून दिली जाते. म्हणून ओळ 3 आणि स्तंभ 5 असेल, तर पहिला भागाकार 0, दुसरा 1 आणि गुणाकार 0 येतो. दोन्ही क्रमांक सारखे असले, तरच उत्तर 1 येते. युक्ती अचूक आहे. पण वाचणाऱ्याला ती कोड्यासारखी सोडवावी लागते. कर्निहॅन आणि प्लॉगर यांनी आधी घरांत 0 भरला आणि नंतर कर्णावर 1 लिहिला. हेतू वाचताक्षणी कळतो.

पुढे 1999 साली मार्टिन फाउलर यांचे ‘रिफॅक्टरिंग’ आले. आज्ञावलीचे कार्य न बदलता तिची रचना लहान लहान पावलांनी कशी सुधारावी आणि प्रत्येक पावलानंतर ती कशी तपासावी, हे त्यात सांगितले आहे.

डोनाल्ड नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड मात्र या सर्वांच्या आधीचा, 1968 सालचा. ग्रंथ कठीण आहे. त्यातील चूक प्रथम दाखवणाऱ्याला नुथ 2.56 डॉलरचा धनादेश पाठवीत. 2008 पासून त्याऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र दिले जाऊ लागले. पूर्वीचे अनेक धनादेश बँकेत कधी वटलेच नाहीत. मिळवणाऱ्यांनी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले.