गादीवाफा : परसबागेचा एक धडा



पेडणे व डिचोली या भागांत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सपाट जागेत लावलेली मिरची-वांग्याची रोपे अशा वेळी पिवळी पडून मरतात. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. यावर उपाय गादीवाफ्याचा.

१. आखणी : रुंदी १ मीटर असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो. उतारावर वाफा आडवा घ्यावा; उभा घेतल्यास माती वाहून जाते.

२. बांधणी : दोन वाफ्यांमध्ये चर खणावा व तीच माती वर टाकून उंची २० ते ३० सेंटिमीटर करावी. चराला किंचित ढाळ द्यावा. कडेला जांभ्याचे चिरे सिमेंट न लावता रचावेत. फटींतून पाणी निघून जाते.

३. माती : जांभ्याची माती आम्लधर्मी व निकस असते. तीत कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि थोडी चुलीतील राख मिसळावी.

४. निगा : वाफ्यावर पाय देऊ नये, दबलेल्या मातीत पाणी पुन्हा साचते. पावसाळा सरल्यावर हाच वाफा लवकर सुकतो. तेव्हा हरमलची मिरची किंवा तांबडी भाजी लावून वर वाळल्या गवताचे आच्छादन घालावे.

वर्गासाठी प्रश्न :
(१) रोप पाण्याने मेले की हवेवाचून?
(२) आपल्या परसात पाऊस थांबल्यावर पाणी कोठे साचते? मुलांनी तेथे काठी रोवावी. पहिला वाफा त्या जागेपासून दूर घ्यावा.