वैमानिकाचा कोट
(द्वितीय वर्ष, कला)

समाजशास्त्राच्या तासाला 'व्यवसाय आणि प्रतिष्ठा' हा भाग शिकत असताना सरांनी प्रत्येकाला एकेका व्यवसायाच्या वेशावर टिपण लिहायला सांगितले. कोणी वकिलाचा काळा कोट घेतला, कोणी परिचारिकेचा पांढरा पोशाख. मी वैमानिकाचा कोट घेतला तेव्हा वर्गात थोडा हशा पिकला. मी अद्याप विमानात पाऊल ठेवलेले नाही. आमच्या गावावरून विमाने जातात, पण ती इतक्या उंचावरून की आतला माणूस काय घालून बसला आहे हा प्रश्न तिथे पडूच शकत नाही! तरीही विषय सोडवेना. जे मिळाले ते वाचले, त्यातून झालेला विचार येथे मांडत आहे.

आधी शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला वैमानिकाचे 'जॅकेट' म्हणतात त्याला आपल्याकडे सरळ कोट म्हणावे. आपले जाकीट म्हणजे बिनबाह्यांचे, पुढाऱ्यांच्या अंगावरचे. वैमानिकाच्या कोटाला बाह्या तर हव्यातच, कारण सगळे महत्त्व त्या बाह्यांच्या टोकाला आहे. तिथे सोनेरी किंवा रुपेरी पट्ट्या असतात. कप्तानाला चार, सहवैमानिकाला बहुधा तीन. कोट काढला की त्याच पट्ट्या सदऱ्याच्या खांद्यावर दिसतात.

आणि कोट काढला जातोच. मला या विषयातले पहिले कुतूहल येथेच वाटले. कोट घालून वैमानिक विमानतळावरून चालत येतो, विमानाच्या दाराशी उभा राहतो, आणि आपल्या जागी बसण्यापूर्वी तो काढून आकड्याला अडकवून ठेवतो. विमान चालवतो तो सदऱ्यावर. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने माणसाच्या वागण्याची तुलना रंगभूमीशी केली आहे : प्रेक्षकांसमोरचा भाग वेगळा आणि पडद्यामागचा वेगळा. वैमानिकाच्या बाबतीत हा पडदा म्हणजे कॉकपिटचे दार. पूर्वी अनेक देशांच्या विमानांत उड्डाण चालू असताना लहान मुलांना आत नेऊन सारे दाखवीत असत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ते दार भक्कम झाले आणि कुलूपबंद राहू लागले. म्हणजे आज प्रवाशाला वैमानिक दिसतो तो जमिनीवरच, आणि कोटही तेवढ्यापुरताच.

मग तो आला कोठून? सुरुवातीचे वैमानिक उघड्या विमानात बसत. वारा, थंडी आणि इंजिनाचे उडणारे तेल यांपासून बचाव म्हणून कातडी कोट, कातडी टोपी, डोळ्यांवर गॉगल. तो पोशाख कामाचा होता. १९३० च्या दशकात पॅन अमेरिकन या अमेरिकन कंपनीने समुद्रावरून, पाण्यावर उतरणारी मोठी विमाने चालवायला सुरुवात केली. महासागर ओलांडायला प्रवासी घाबरत. बोटीवर मात्र त्यांचा विश्वास होता. तेव्हा कंपनीने विमानांना जुन्या शिडाच्या जहाजांवरून 'क्लिपर' हे नाव दिले आणि वैमानिकांना जहाजावरच्या अधिकाऱ्यांसारखे गडद निळे कोट, टोपी आणि सोनेरी पट्ट्या दिल्या. 'कॅप्टन' आणि 'फर्स्ट ऑफिसर' हे शब्दही जहाजावरचेच. थोडक्यात, बोटीची पत विमानाने उसनी घेतली. ती कंपनी १९९१ साली बंद पडली. तिने रूढ केलेला वेश जगभर राहिला.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, पहिले टपाल आणले. एका इंजिनाचे छोटे पुस मॉथ विमान. त्यात टपालाच्या थैल्या होत्या, आणि थैल्यांना वैमानिकाच्या कपड्यांशी काय देणेघेणे? भिणारा प्रवासी आला तेव्हाच धीर देणारा कोट लागू लागला. डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्रा या मुंबईच्या वेशभूषाकाराकडून नवा गणवेश करून घेतला. त्यात वैमानिकांसाठी काळा, पुढे गुंड्यांच्या दोन रांगा असलेला कोट आहे. नव्वद वर्षांनी आपण पुन्हा त्या जहाजावरच येऊन उभे राहिलो आहोत, असे ते छायाचित्र पाहून मला वाटले.

खुद्द वैमानिकांत या कोटाविषयी दोन तट आहेत. नको म्हणणाऱ्यांची कारणे व्यवहाराची आहेत. उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो. उड्डाणापूर्वी खाली उतरून विमानाभोवती फेरी मारून तपासणी करावी लागते, तेव्हा कोटावर चमकदार पिवळा अंगरखा चढवावा लागतो. नाहीतर गाड्या हाकणाऱ्यांना माणूस दिसायचा नाही. त्या अंगरख्याखाली सगळा रुबाब झाकला जातो. टोपीचे तर विचारूच नका, तिच्यावरून कानाचे हेडफोन बसत नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक कंपन्यांनी टोपी ऐच्छिक केली आहे आणि निळ्या कोटाऐवजी कातडी जॅकेट घालण्याची मुभा दिली आहे. गंमत पाहा, उघड्या विमानाच्या काळातला कामाचा पोशाख बंद, उबदार विमानात शोभेसाठी परत आला!

हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा निराळा आहे. त्यांचे म्हणणे असे की, सगळे सुरळीत असताना कोटाची गरज नसते. काही बिघडले, विमान भलत्याच ठिकाणी उतरवावे लागले, दोनशे माणसे गोंधळली, तर कोणाचे ऐकायचे हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. या मताला आधार देणारा एक प्रयोग वाचनात आला. लेनर्ड बिकमन या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तो केला आणि १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यात रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना किरकोळ आज्ञा करायच्या होत्या : ती पिशवी उचला, त्या गृहस्थाला एक नाणे द्या, बसथांब्याच्या पलीकडे उभे राहा. आज्ञा करणारा कधी कोट-टायमध्ये असे, कधी दूधवाल्याच्या वेशात, कधी पहारेकऱ्याच्या. लोकांनी सर्वांत अधिक ऐकले ते पहारेकऱ्याचे. कोट-टायवाल्याचा प्रभाव पडला नाही, हे मला विशेष वाटले. म्हणजे नुसत्या कोटात वजन नाही; या माणसाला सांगण्याचा अधिकार आहे, हे सांगणारी खूण हवी. वैमानिकाच्या कोटावरच्या पट्ट्या काढल्या तर उरतो तो लग्नाला निघालेला माणूस.

हे मी घरी आप्पांना सांगितले. आमचे आप्पा एस.टी.त चालक आहेत. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. ते म्हणाले, "यात शोध कसला गं? गाडी घाटात बंद पडली की लोक आधी डायवर कुठाय म्हणून बघत्यात. खाकी दिसली की गप बसत्यात. साध्या कापडात असलो तर शंभर जण शंभर गोष्टी सांगाय लागतील." ब्रुकलिनच्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यांनी चहा संपायच्या आत सांगून टाकला. आई मध्येच म्हणाली की, कपड्याला कडक इस्त्री असली की आप्पा मागच्या सीटवरच्या माणसालासुद्धा 'अहो' म्हणतात. याचा माझ्या विषयाशी संबंध आहे की नाही ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही. पण वेशाचा परिणाम पाहणाऱ्यावर होतो तसा घालणाऱ्यावरही होत असावा.

मात्र पट्ट्यांची ही ताकद दुधारी आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मरण पावली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत प्राणघातक अपघात. ज्या डच विमानाने परवानगीशिवाय धाव घेतली त्याचे कप्तान कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचे छायाचित्र झळकत असे. सहवैमानिकाने आरंभी, परवानगी अजून मिळालेली नाही, असे सांगून त्यांना एकदा थांबवले. पुन्हा विमान धावू लागले तेव्हा मात्र त्याने स्पष्ट हरकत घेतली नाही. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. झाले, असे कप्तानांनी ठामपणे सांगितले, आणि तो विषय तेथेच मिटला. धुके, रेडिओवरचा घोळ, निघण्याची घाई अशी कारणे अनेक होती; पण चार पट्ट्यांपुढे कमी पट्ट्यांचा आवाज दबला, हेही अभ्यासकांनी नोंदवले. अशा अपघातांचा विचार होऊन १९७९ साली नासाने एक कार्यशाळा घेतली आणि तेथून कनिष्ठाने बोलावे व ज्येष्ठाने ऐकावे याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना मिळू लागले. प्रवाशाने ज्या खुणेवर विश्वास ठेवावा, तिच्यापुढे शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मान तुकवू नये, अशी ही अवघड अपेक्षा आहे. बंद दारामागे कोट आकड्याला लटकतो ते एका परीने बरेच म्हणायचे.

खूण म्हटली की तिची चोरीही आली. २०१९ साली दिल्ली विमानतळावर एक गृहस्थ परदेशी कंपनीच्या कप्तानाचा गणवेश घालून फिरताना पकडले गेले. रांग टळावी, मान मिळावा, हा हेतू. २०२४ च्या एप्रिलमध्ये तेथेच आणखी एक तरुण अशाच वेशात सापडला. कोटाची पत किती, हे यावरून समजते. नकली नाण्यासाठी कोणी दहा पैशाचा साचा बनवत नाही.

आता मुळातला प्रश्न. वर्गात टिपण वाचल्यावर आमच्या एका बुद्धिमान मित्राने आक्षेप घेतला : माणसाची पारख कामावरून व्हावी, कपड्यावरून नव्हे, हे कोटाचे स्तोम इंग्रजी मनोवृत्तीचे लक्षण आहे. टाळ्या पडल्या. तत्त्व मलाही मान्य आहे. पण ज्याची पारख करायला लोक मुळात तयारच नसतात, त्याचे काय? १९७३ साली अमेरिकेत फ्रंटियर या कंपनीने एमिली वॉर्नर यांना वैमानिक म्हणून घेतले. नियमित प्रवासी सेवेत स्त्री वैमानिक असणे तेथे इतके नवे होते की, त्यांचा गणवेश आज वॉशिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्याकडे नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे कलकत्ता-सिलचर विमान सर्वस्वी स्त्रियांनी नेले. त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. जगात वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात ते बारा टक्क्यांच्या पुढे आहे. तरीसुद्धा स्त्री वैमानिक दिसली की प्रवासी तिला हवाईसुंदरी समजून पाणी मागतात, हा अनुभव त्यांच्यापैकी पुष्कळजणी सांगतात. अशा वेळी तिच्या बाहीवरच्या चार पट्ट्या तिच्या वतीने बोलतात. उंच, भारदस्त आवाजाचा, केस पिकलेला पुरुष कप्तान साध्या सदऱ्यात आला तरी लोक त्याला कप्तानच समजतील. कोट टाकून देणे त्याला परवडते.

माझ्या घराण्यात मी कॉलेजात आलेली पहिली. पहिल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेला जाताना मावशीची साडी मागून आणली होती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बोलणे माझेच होते. पण परीक्षकांनी मान वर करून पाहावे, एवढे काम त्या साडीने केले. कपड्याला महत्त्व देऊ नये असे म्हणणाऱ्यांच्या कपाटात बहुधा बरे कपडे असतात, असे माझे निरीक्षण आहे. गोंदियाजवळ बिरसीला विमानविद्येचे शिक्षण घेणारी मुले पांढऱ्या सदऱ्यावर पट्टी लावून फिरतात. त्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून आलेल्या मुलाला ती पट्टी शोभेची वस्तू वाटत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझे मत असे की, खूण राहावी, तिचे कापड मात्र हवामान पाहून ठरावे. मे महिन्यात मुंबईला सदऱ्यावरच्या पट्ट्या पुरेत. आणि हे ठरवताना घालणाऱ्याला विचारावे. दाढीचे उदाहरण बोलके आहे. प्राणवायूचा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, म्हणून दाढी नको, असे वैमानिकांना सांगितले जाई. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ साली तसे पत्रकही काढले होते. पुढे कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दाढीने मुखवट्याच्या कामात बाधा येत नाही असे त्यांत दिसले, आणि २०१८ साली एअर कॅनडाने नीट राखलेल्या दाढीला परवानगी दिली. नियमामागचे कारण तपासून पाहता येते, एवढाच याचा अर्थ. कोटाच्या बाबतीत असे कोणी तपासून पाहिल्याचे मला आढळले नाही.

शेवटी एक गोष्ट नोंदवते. अमेरिकेत वैमानिकांच्या संघटना पगारासाठी निदर्शने करतात तेव्हा सुटीवर असलेले वैमानिक पूर्ण गणवेशात येतात. एरवी टोपीला नाके मुरडणारेसुद्धा त्या दिवशी टोपी घालून ओळीत उभे असतात. २०२२ च्या उन्हाळ्यात डेल्टा कंपनीच्या वैमानिकांनी तेथल्या विमानतळांवर असेच केले. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडण्याच्या बेताला आली होती. वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार थकले होते. तेव्हा मुंबईत आणि दिल्लीत तिचे कर्मचारी मूकपणे एकत्र जमले. त्यांत वैमानिक होते, इंजिनिअर होते, हवाईसुंदरी होत्या. १७ एप्रिलच्या रात्री कंपनीच्या शेवटच्या विमानाने उड्डाण केले. त्या मूक जमावाची छायाचित्रे मी पाहिली. बहुतेकजण गणवेशात आहेत, इस्त्री केलेल्या. कंपनीच्या कोणत्या नियमाने त्या दिवशी तो घालायला लावला होता?