खडा काढावा की पिशवी?

दोऱ्यावर चढलेली खडीसाखर तुम्ही पाहिली असेल. त्या साखरेत दोरा कशासाठी असतो, याचा कधी विचार केला आहे का? गरम पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवली आणि तो पाक सावकाश निवू दिला, की थंड पाण्याला न पेलणारी जास्तीची साखरही काही काळ पाकातच राहते. अशा द्रावणाला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. त्यातल्या साखरेला बाहेर पडायला आधार हवा असतो. दोऱ्याच्या खरबरीत तंतूंवर पहिले कण बसतात, त्यांच्यावर पुढचे बसतात आणि काही दिवसांत स्फटिकांचा घोसच्या घोस तयार होतो.

असाच प्रकार माणसाच्या पोटात घडतो तेव्हा घरातली मोठी माणसे 'पित्ताच्या पिशवीत खडे झाले' असे म्हणतात. मावशीच्या पोटात उजव्या बरगडीखाली कळ येते, सोनोग्राफी होते, खडे दिसतात आणि डॉक्टर सांगतात की पिशवी काढून टाकावी लागेल. मग घरात वाद सुरू होतो. खडे झाले तर खडे काढावेत, चांगली पिशवी कशाला काढायची? दात किडला तर आपण जबडा काढतो का? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ शल्यचिकित्सकांनीही तो स्वतःला विचारला आहे.

प्रथम दोन गैरसमज दूर करू या. तिखट खाल्ल्यावर छातीत जळजळते आणि आपण 'पित्त झाले' म्हणतो, ते जठरातले आम्ल. येथे ज्या पित्ताविषयी आपण बोलत आहोत, ते यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस होय. तो आम्लधर्मी नसतो. दुसरी गोष्ट, हे खडे म्हणजे मूतखडे नव्हेत. मूतखडा लहान असेल तर भरपूर पाणी प्यायल्याने लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाचा मूत्रमार्गाशी काही संबंध नाही, त्यामुळे घागरभर पाणी प्यायले तरी पित्ताशयातला खडा हलत नाही.

यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय मात्र जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची पिशवी आहे. एवढ्याशा पिशवीत एवढे पित्त मावते कसे? पित्ताशयाचे अस्तर पित्तातले पाणी आणि क्षार शोषून घेते आणि पित्त पाच ते दहा पट दाट करते. बासुंदी आटवण्यासारखेच हे काम, फक्त चुलीवाचून चालते. आपण तूप-तेलाचा घास खाल्ला की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते, पिशवी आकुंचन पावते आणि दाट पित्त लहान आतड्यात ओतले जाते. तेथे ते स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करून पचनाला मदत करते.

आता खड्याकडे वळू. यकृत पित्तात कोलेस्टेरॉलही सोडते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन यांचे रेणू त्याला वेढून, साबणाने तेलकटपणा धरून ठेवावा तसे, पित्तात धरून ठेवतात. कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले की हा तोल बिघडतो आणि पित्त अतिसंपृक्त होते. पित्ताशयाच्या भिंतीतून स्रवणारा चिकट श्लेष्मा खडीसाखरेच्या दोऱ्याचे काम करतो. त्यात पिशवी आळसावलेली असेल, नीट रिकामी होत नसेल, तर स्फटिकांना वाढायला निवांत वेळ मिळतो. सगळेच खडे असे नसतात. काही काळे खडे बिलिरुबिन या रंगद्रव्याचे असतात. ज्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी फार फुटतात, त्यात ते होतात. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल हा त्यांपैकीच एक आजार.

खडे काढून पिशवी ठेवण्याचा प्रयोग पिशवी काढण्याच्या आधी झाला आहे. १८६७ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज या शल्यचिकित्सकाने एका स्त्रीच्या पोटातली गाठ काढण्यासाठी पोट उघडले. गाठ म्हणजे फुगलेले पित्ताशय निघाले. त्यांनी ते उघडून बंदुकीच्या गोळीएवढे खडे काढले आणि पिशवी पुन्हा शिवून टाकली. ती बाई बरी झाली आणि पुढे अनेक वर्षे जगली. पंधरा वर्षांनी, १८८२ च्या जुलैमध्ये, बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी वेगळाच विचार केला. पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर पिशवी खडे तयार करते म्हणून ती काढली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसते, तरी त्यांचे बिघडत नाही. मग माणसाचे का बिघडावे? त्यांनी एका ४३ वर्षांच्या रुग्णाचे पित्ताशय काढले आणि तो बरा झाला. तेव्हापासून लांगेनबुख यांचाच मार्ग मुख्य ठरला.

तरी पिशवी वाचवण्याची इच्छा काही मेली नाही. १९७२ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले, की एक पित्ताम्ल गोळीच्या रूपाने दिले तर कोलेस्टेरॉलचे खडे हळूहळू विरघळतात. केवढी आशा वाटली असेल! पण १९८१ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला. दोन वर्षे औषध घेऊनही जास्त मात्रेच्या गटात केवळ साडेतेरा टक्के रुग्णांचे खडे पूर्ण विरघळले. पुढे अस्वलाच्या पित्तात प्रथम सापडलेले अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल आले. ते अधिक निर्धोक आहे, पण तेही लहान, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालते आणि महिनोन्‌महिने घ्यावे लागते. काळ्या खड्यांवर त्याचा उपयोग नाही.

मेयो क्लिनिकमध्येच १९८५ च्या सुमारास आणखी एक युक्ती निघाली. यकृतातून सुई घालून पित्ताशयात द्रावक सोडायचे आणि काही तासांत खडा विरघळवायचा. साधा ईथर कोलेस्टेरॉल उत्तम विरघळवतो, पण तो ३५ अंश सेल्सिअसला उकळतो आणि आपले शरीर ३७ अंशांवर असते. म्हणून त्याचाच भाऊबंद, ५५ अंशांना उकळणारा मेथिल टर्शरी ब्युटिल ईथर निवडला गेला. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला उत्कलनबिंदूचा तक्ता असा कामाला येतो! ही पद्धत मात्र आता मागे पडली आहे.

जर्मनीत म्यूनिक येथे १९८० पासून आघात-तरंगांनी मूतखडे फोडले जात होतेच. १९८५ साली तेच तरंग पित्ताशयातल्या खड्यांवर सोडले गेले. खडे फुटले, पण चुरा जाणार कुठून? पित्ताशयाची नळी अरुंद आणि वळणावळणाची असते. एखादा तुकडा पुढच्या नळीत अडकला तर कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि ही सूज जिवावर बेतू शकते.

या सर्व पद्धतींना एकच अडचण नडली. खडे गेले, पण द्रावण तेच राहिले आणि दोराही तोच राहिला. औषधाने खडे विरघळलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत पाच वर्षांच्या आत ते पुन्हा झालेले आढळले.

याच काळात दुसऱ्या बाजूचेही चित्र पालटले. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी प्रथम केली. पोटावर वीतभर चिरा पडत होता तोवर पिशवी वाचवण्याचे आकर्षण फार होते. एक-दोन दिवसांत रुग्ण घरी जाऊ लागल्यावर ते बरेच ओसरले.

पण तीच दुर्बीण पिशवी राखण्यासाठीही वापरता येते. चीनमध्ये १९९० च्या दशकापासून काही शल्यचिकित्सक पित्ताशयाला सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र पाडून आत लवचिक दुर्बीण घालतात, तारेच्या टोपलीत खडे पकडून बाहेर काढतात, कोपरा न्‌ कोपरा तपासतात आणि विरघळणाऱ्या धाग्याने छिद्र शिवतात. बॉब्ज यांचीच शस्त्रक्रिया ही, फक्त डोळे सुधारलेले. यासाठी पिशवी नीट आकुंचन पावणारी, भिंत न सुजलेली आणि नळी मोकळी असावी लागते. खडे पुन्हा होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत फार वेगवेगळे आढळते. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांसाठी पित्ताशय काढणे हाच उपचार बहुतेक देशांत प्रमाण मानला जातो. माझ्या मते तो आजतरी बरोबर आहे. पिशवी काढल्यावर यकृतातले पित्त सरळ आतड्यात ठिबकत राहते. काहींना पातळ शौचाचा त्रास होतो, बहुतेकांना काही जाणवतही नाही. आणि खडे दिसले पण त्रास नाही, अशांना सहसा काहीच करावे लागत नाही. अशा शंभर जणांपैकी वर्षाला एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. कळ, ताप आणि कावीळ एकत्र आली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

मावशीला आणखी एक सल्ला मिळालेला असणार. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस भरपूर प्या, खडे शौचावाटे पडतात! हिरवे गोळे खरोखरच पडतात आणि लोक ते बाटलीत घालून दाखवतात. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी अशा एका स्त्रीचे गोळे तपासले आणि २००५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन नव्हते, कॅल्शियमही नव्हते. होती ती मुख्यतः तेलातून सुटलेली मेदाम्ले. लिंबातल्या पोटॅशियमशी संयोग होऊन आतड्यात बनलेला तो एक प्रकारचा साबणच होता. ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवताच गोळे वितळून तेल झाले. शुद्ध कोलेस्टेरॉल वितळायला सुमारे १४८ अंश लागतात. त्या स्त्रीचे खरे खडे पित्ताशयातच होते, आणि ते शेवटी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पिशवीसकट काढावे लागले.